झडपेच्या आतली पुटकुळी

६ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं तू बोलत नाहीस. कागदावर दोघांनाही पळवाट नसते.

तुझ्या भावोजींना जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या शेडचा मालक जानेवारीअखेर जागा मागतोय, म्हणून गेला आठवडाभर मी तिथेच आवराआवर करते आहे. पहिले दोन दिवस नुसती स्टुलावर बसून होते. त्यांचा ॲप्रन खिळ्याला तसाच आहे आणि खिशात पेन्सिलीचं थोटूक. तिसऱ्या दिवशी स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि बाह्या सरसावल्या. जुन्या गाड्यांचे हीटर दुरुस्त करणारा आणि जुन्यासारखे नवे घडवणारा माणूस किती पत्रा जमवून ठेवतो, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी थोडा विचार केला असता.

सगळ्यात खालच्या पेटीत एक हीटर सापडला. बाकी सगळं उघड्यावर गंजत पडलेलं, आणि हा एकटा मऊ कापडात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेला. ज्या चार दारांच्या जुन्या गाडीच्या हीटरवर तू पुस्तक लिहिलंस, तिचाच आहे. मी ते पुस्तक शोधून सहावं पान काढलं. झडपेच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, मोहरीएवढी पुटकुळी असेल तर अस्सल, नसेल तर नक्कल, असं लिहिलंयस आणि शेजारी तुझ्या अंगठ्याचा फोटो आहे. या हीटरला पुटकुळी नाही. मग हे काय आहे ते सांग. जुन्या गाड्यांच्या संघाचा परीक्षक तू, मी बापडी काय सांगणार?

खोकला कमी झाला का?

तुझी,
ताई

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. ‘मी बापडी’ वाचून बायको इतकी हसली की चहा सांडला. खोकला आहे, पण ऐकणारे कंटाळलेत, मी नाही.

हीटरचा निकाल एका खुणेवर लावू नये, असं मी नव्या परीक्षकांना नेहमी सांगतो. तेव्हा एवढं कर. पुढचं काळं बटण अंगठ्याने गरम होईपर्यंत घास आणि लगेच वास घे. जुनं बेकलाइट असेल तर दवाखान्यासारखा उग्र वास येतो, नवं प्लास्टिक गप्प बसतं. स्क्रू बघ. जुन्यांना एकच सरळ खाच असते, फुली असली तर पुढे बघायचंही कारण नाही. आतल्या जाळीचा न दिसणारा कोपरा चाकूने किंचित खरवड, पिवळं दिसलं तर पितळ, म्हणजे जुनी. पंख्याच्या वायरीवर कापडाची वीण आहे का पाहा. पेटीचे सांधे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेत की रिव्हेट मारलेत, तेही बघ.

आणि शेवटी पुटकुळी. तिला एका बाजूला केसाएवढी शेपटी असते, ती विसरू नकोस. कारखान्याच्या साच्याला बारीक खड्डा होता आणि तो प्रत्येक झडपेवर उतरला. नक्कल करणाऱ्याला हे ठाऊक नसतं, म्हणून तो नेमका तिथेच सापडतो. माझ्या टेबलावर भावोजींकडून आणलेला नमुन्याचा हीटर आहे ना, फळीवर स्क्रूने बसवलेला? अठरा वर्षं रोज त्यावरून अंगठा फिरवतोय. आता हे लिहितानाही डावा हात तिकडेच आहे.

एक आनंदाची गोष्ट. फेब्रुवारीच्या सभेत मला मुख्य परीक्षक करायचं चाललंय. अजून कुणाला बोलू नकोस.

तुझा,
धाकटा

२३ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

आशीर्वाद. बटण घासलं. पहिल्यांदा नुसता कांद्याचा वास आला, तो माझ्या बोटांचा होता. हात धुऊन पुन्हा घासलं तर लहानपणी तुझा हात मोडला होता त्या दवाखान्यात जाऊन आले. स्क्रूंना एकच खाच. जाळी पिवळी. वायरीवर कापड आहे, एका ठिकाणी उंदराने चाखून सोडलंय. रिव्हेट एकही नाही, ठिपके सगळे एका रांगेत.

झडपेच्या आत मी उजव्या अंगठ्याने पाहिलं, डाव्या अंगठ्याने पाहिलं, शेवटी चष्मा लावून टॉर्चने पाहिलं. पुटकुळी नाही ती नाहीच.

म्हणजे पाच खुणा म्हणतात अस्सल आणि एकटी सहावी म्हणते नक्कल. लहानपणी पाच जणांनी एक गोष्ट सांगितली तरी तू सहाव्याचंच ऐकायचास, आणि तो सहावा बहुतेक तूच असायचास. पण आता मोठा झालास. नीट विचार करून लिही. घाई नाही.

तुझी,
ताई

३० नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. विचार करण्यासारखं त्यात काही नाही. नक्कल आहे. फार चांगली नक्कल आहे, पण नक्कलच.

बाकी पाचही खुणा जमवता येतात. जुने स्क्रू, जुनं बटण, जुनी वायर हे सगळं भंगारात मिळतं. कारखान्याच्या साच्यातला खड्डा काही भंगारात मिळत नाही. भावोजींनी कधीतरी हात बसावा म्हणून बनवला असेल. देऊन टाक भंगारवाल्याला.

हुबेहूब असाच हीटर मोठ्या मिस्त्रींच्या गाडीत होता. आठवतात ना, ज्यांच्या गॅरेजमध्ये भावोजी काम शिकले? चौदा वर्षं झाली. पाच खुणा चोख, आणि पुटकुळीचा पत्ता नाही. सगळ्या संघासमोर ते सांगत होते की गाडी कोरी असताना घेतली, हीटरला आजवर कुणी हात लावलेला नाही. त्यांचं वय झालेलं होतं, तरी मी त्यांच्या गाडीचा अस्सलपणाचा दाखला रद्द केला. मग लोक म्हणायला लागले की जो स्वतःच्या गाडीत नक्कल घालतो, तो आपल्या गाडीत काय घालत असेल? गिऱ्हाइकं तुटली आणि दोन वर्षांत गॅरेजला कुलूप लागलं. वाईट झालं, पण खोटं बोलले नसते तर मी निदान सौम्य लिहिलं असतं.

शेड लवकर आवर आणि थंडीत तिथे बसू नकोस.

तुझा,
धाकटा

९ डिसेंबर

चि. धाकट्या,

हीटर भंगारात दिलेला नाही. माझे यजमान भंगार मऊ कापडात गुंडाळून ठेवत नसत. स्वतःचे शर्टसुद्धा त्यांनी कधी इतके नीट ठेवले नाहीत.

कापड पूर्ण उलगडलं तेव्हा आत पुठ्ठ्याचा तुकडा निघाला. त्यावर पेन्सिलीने, त्यांच्या अक्षरात, एवढंच आहे: ‘मोठे मिस्त्री यांचा. अस्सल. टाकू नये.’

आणि काल लाकडी मांडणीखाली पोलादाचा एक ठोकळा मिळाला. यावर पत्रा ठेवून हे हीटरच्या झडपा ठोकून काढायचे, ते मी पाहिलेलं आहे. ठोकळ्याच्या कडेला बारीक खड्डा आहे. मी त्यावर चॉकलेटचा चांदीचा कागद ठेवला आणि अंगठ्याने दाबून घासला. तो कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून सोबत पाठवते आहे, चुरगळू नये म्हणून. शेपटीसुद्धा उतरली आहे.

तुझ्या टेबलावरच्या नमुन्याशी ताडून बघ, आणि जे दिसेल ते मला लिही.

तुझी,
ताई

२ जानेवारी

धाकट्या,

तीन आठवडे होऊन गेले. टपालवाल्याला विचारलं, तो म्हणाला पाकीट पोचलंय, सही आहे.

शेड जवळजवळ रिकामी झाली. हीटर आणि ठोकळा मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलेत. एकटीच जेवते, त्यामुळे जागा अडत नाही. लिही.

ताई

८ जानेवारी

ताई,

जुळतो. पाकीट आलं त्या दिवशी दुपारी दार लावून कागद नमुन्यावर ठेवला. काठापासूनचं अंतर, आकार, शेपटी, सगळं जुळतं. मग पुढचे चार दिवस तेच करत होतो, जणू पाचव्या दिवशी जुळणार नाही.

माझी पाचावर धारण बसली आहे. अठरा वर्षं ज्याला अस्सल म्हणून टेबलावर मिरवलं तो भावोजींनी ठोकलेला होता. म्हणजे त्यांनी बनवलेल्या प्रत्येक हीटरला मी दाखला दिला आणि कारखान्याचे खरे हीटर गाड्यांतून काढायला लावले. किती, ते माझं मला माहीत नाही. नव्या परीक्षकांना मी तीच खूण शिकवली आणि त्यांनी आपापल्या गावी जाऊन तेच केलं.

भावोजींनी हे का केलं? मी त्यांना वडिलांच्या जागी मानत होतो. त्यांनी मला नक्कल दिली, अस्सल म्हणून मिरवू दिली आणि मनात हसत राहिले. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

ताई, सभा पुढच्या महिन्यात आहे. तो ठोकळा कुणाला तरी वितळवायला दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस गेलाय, त्याची अब्रूही झाकलेली राहील. हे आपल्या दोघांतच राहू दे.

धाकटा

१५ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी उठले, भांडी घासली, फरशी पुसली आणि मग लिहायला बसले. आधी बसले असते तर जे लिहिलं असतं ते तुला जन्मभर पुरलं असतं.

त्यांनी तुला दिला? आठव जरा. हे गिऱ्हाइकाकडे गेले होते. तू शेडमध्ये आलास, वरच्या फळीवरून हीटर उचललास आणि मला म्हणालास, “ताई, भावोजींना सांग, हा मी नेतो.” वरच्या फळीवर आहे म्हणजे अस्सलच असणार, असं तू ठरवलंस. वरच्या फळीवर ते स्वतः घडवलेले ठेवायचे, कारण खाली ओल यायची. गिऱ्हाइकांचे जुने हीटर खालीच असायचे. घरी आल्यावर मी सांगितलं तर त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, “माझं काम त्याला एवढं आवडलं?” तू परीक्षा पास झालेला माणूस. नवा कुठला आणि जुना कुठला हे तुला कळत नसेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आणि तुला विचारावंसं वाटलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना इतके हुशार समजत होतात की कुणीच तोंड उघडलं नाही.

मग तुझं पुस्तक आलं. सहावं पान उघडून हे आधी मोठ्याने हसले. “त्यानं माझ्या ठोकळ्याचा खड्डा छापला,” म्हणाले. मग हसू विरलं आणि ताटावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून तुझ्याकडे निघाले होते.

आता खरं ते ऐक. त्यांना मी अडवलं. तुझी नोकरी नवी होती आणि लग्न पंधरा दिवसांवर होतं. मी म्हटलं, माझ्या भावाचं हसं करू नका, एका पुटकुळीनं काय बिघडतंय? दाराला पाठ लावून उभी राहिले. त्यांनी कोट काढून ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी एकही नवा हीटर घडवला नाही. पाठ दुखते म्हणून सांगायचे ना तुला? पाठ ठणठणीत होती.

चार वर्षांनी मोठ्या मिस्त्रींचं झालं. मिस्त्रींनी आपला हीटर स्वतःच्या हाताने उपसून गॅरेजमागच्या ढिगाऱ्यात टाकला. हे जाऊन तो घेऊन आले आणि मला म्हणाले, “आता तरी जाऊ दे मला.” तेव्हा तुझ्या घरी नुकतं बाळ झालं होतं. मी पुन्हा नाही म्हटलं. त्यानंतर ते मिस्त्रींच्या समोर कधी गेले नाहीत. रस्ता बदलायचे.

नोव्हेंबरमध्ये मी तुला बापडी बनून विचारलं, ते सोंग होतं. मला वाटलं, पाच खुणा बघून तुला तुझंच कळेल, आणि मला हे लिहावं लागणार नाही. मी भित्री आहे. तुझ्या भावोजींना बोल लावायचा असेल तर आधी मला लाव.

झाकली मूठ म्हणतोस. तुझी असती तर झाकली असती. या मुठीत दुसऱ्याची अब्रू आहे आणि तो म्हातारा अजून जिवंत आहे.

ठोकळा वितळवणार नाही.

ताई

२१ जानेवारी

ताई,

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. हीटर आणि ठोकळा दोन्ही न्यायला. स्वयंपाक करू नकोस.

धाकटा

५ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आधी संघाचं सांगतो, कारण ते सोपं होतं. मंगळवारी सभेत नमुना, ठोकळा आणि चांदीचा कागद टेबलावर ठेवले आणि सहावं पान चुकीचं आहे असं वाचून दाखवलं. दोघं जण अंगावर धावून आले. त्यांच्या गाड्यांतून मी खरे हीटर काढायला लावले होते. भावोजींनी कुणालाही अस्सल म्हणून काही विकलं नाही, नमुना मीच न विचारता उचलला, हे दोनदा सांगितलं आणि लिहूनही घेतलं. मुख्य परीक्षकाचं अर्थातच बारगळलं, साधा परीक्षकही राहतो की नाही बघू. सगळे दाखले नव्याने तपासायचे ठरलं. अध्यक्ष मला म्हणाले, “काखेत कळसा आणि गावाला वळसा.” कुणालाच हसू आलं नाही.

तिथून दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. हीटर मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो होतो आणि प्रत्येक थांब्याला उतरावंसं वाटत होतं.

ते मुलाकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर. दार सुनेने उघडलं. मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत होते. नजर गेल्यातच जमा आहे. त्यांनी मला ओळखलं नाही. मी तोंड उघडायच्या आत त्यांचा हात कापडाला लागला आणि ते म्हणाले, “हीटर का? द्या इकडे.”

मांडीवर घेतला. बटण घासून नाकाशी नेलं. स्क्रूच्या खाचेत नख घातलं. वायर चिमटीत धरली. मग झडप उघडून बिजागरीजवळ अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, अगदी मी फिरवतो तसा. आणि हीटर माझ्याकडे सरकवून म्हणाले, “पुटकुळी नाही साहेब. नक्कल आहे. परत न्या.”

ताई, माझं पुस्तक त्यांच्या तोंडून ऐकलं. स्वतःचा हीटर हातात असताना.

मग सांगितलं. मी कोण ते, पुटकुळी कुणाच्या ठोकळ्याची ते, फळीवरून काय उचललं ते. भावोजींनी हा ढिगाऱ्यातून उचलून जपून ठेवल्याचं सांगितलं. तू दाराला पाठ लावून उभी राहिलीस तेही सांगितलं. नसतं सांगितलं तर तू मला घरात घेतलं नसतंस. ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खड्डा शोधला आणि बोट तिथेच ठेवलं.

 शिव्या देतील असं वाटलं होतं, आणि त्या खायच्या तयारीनेच मी गेलो होतो. ते म्हणाले, “म्हणजे तेव्हा मी खरं बोलत होतो?”

“हो, मिस्त्री.”

“हीटर मी बदलला नव्हता?”

“नाही. तो कारखान्यातून आला तसाच होता.”

“मला वाटायला लागलं होतं,” ते म्हणाले, “की कधीतरी बदलला असेन आणि विसरलो असेन. एवढी शिकलेली माणसं पुस्तक उघडून सांगतायत, तर माझंच चुकलं असणार. बायको शेवटपर्यंत म्हणायची, तुम्ही नाही हो बदललात, मला आठवतंय. मी तिच्यावरच खेकसायचो. तुला काय कळतं म्हणायचो.”

त्यांनी सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली. मला म्हणाले, “आता सांगितलंत ते हिला सांगा. पहिल्यापासून.” मी सांगितलं. मग मुलगा कामावरून येईपर्यंत मला थांबवून घेतलं. मुलगा दारातच होता, बूटही काढले नव्हते, तर म्हणाले, “सांगा याला.” मला तोपर्यंत रडू फुटलं होतं, शब्द धड येत नव्हते. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली आणि म्हणाले, “मोठ्याने.”

मी मोठ्याने सांगितलं. शेजारच्या घरचं दार उघडलं, तरी थांबलो नाही. मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी म्हणाला, “पुरे झालं बाबा, जाऊ दे त्यांना.”

“अजून एकदा,” मिस्त्री म्हणाले, आणि समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या बायकोचा फोटो होता. त्यांना तो दिसत नाही, पण जागा माहीत आहे. मी उठून फोटोसमोर उभा राहिलो, आणि त्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तुझा,
धाकटा